पेट्रोलचा काटा खरं बोलत नाही : मीटर बदलायचं की आधी टाकीकडे बघायचं?

पद्मिनी_८४ (पुणे)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी नवी घेतली होती, तेव्हापासून घरातच आहे. इंजिन, ब्रेक, गिअर सगळं उत्तम. त्रास आहे तो पेट्रोलच्या काट्याचा. लक्षणं सविस्तर लिहितो.

टाकी गळ्यापर्यंत भरली तरी काटा पाऊणच्या वर चढत नाही. तिथून निम्म्यापर्यंत बरा चालतो. निम्म्याच्या जरा खाली आला की धाडकन शून्यावर पडतो, बराच वेळ तिथेच राहतो आणि मग आपोआप वर येऊन पाव टाकी दाखवायला लागतो. रात्री दिवे लावले की आणखी थोडा खाली सरकतो.

एका मीटरवाल्याने बघितल्या बघितल्या सांगितलं की मीटर गेलंय, बदला. त्याच्याकडे टॅक्सीतून काढलेलं जुनं मीटर आहे. पण आमचं मूळ मीटर दिसायला इतकं छान आहे की ते काढायला जीव होत नाही. आम्ही ताम्हिणीतून कोकणात जातो, घाटात पंप नाहीत, त्यामुळे काटा भरवशाचा हवाच. कुणी मार्ग दाखवेल का?

जुना_वायरमन (नाशिक)

मीटर बदलू नका. निदान एवढ्यात तरी नाही.

आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलं, त्यावरून सांगतो. पेट्रोलचा काटा चुकतो तेव्हा दोष बहुतेक वेळा टाकीच्या बाजूला असतो. मीटर डॅशबोर्डमध्ये कोरड्या जागी, काचेमागे सुरक्षित असतं. टाकीतलं युनिट मात्र पेट्रोलमध्ये बुडालेलं, त्याचं कनेक्शन गाडीखालच्या किंवा डिकीतल्या धुळीत आणि पावसात. आधी काय बिघडणार ते उघड आहे. तरी लोक पहिल्यांदा मीटरच काढतात, कारण ते डोळ्यासमोर असतं.

करंटचा रस्ता समजून घ्या. बॅटरीतून किल्लीच्या स्विचमध्ये, तिथून फ्यूजमधून मीटरला, मीटरमधून एक तार मागे टाकीच्या युनिटला. युनिटमध्ये बारीक तारेची गुंडाळी आणि तिच्यावर घासत सरकणारी एक पत्ती असते, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी. फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा गोळा, वर-खाली झाला की पत्ती सरकते आणि रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बदलतो. पुढे करंट युनिटच्या बॉडीतून टाकीला, टाकीतून गाडीच्या पत्र्याला आणि पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत. या वाटेवर कुठेही गंज, रंग किंवा सैल स्क्रू आला की तेवढा रेझिस्टन्स वाढतो. मीटरला बिचाऱ्याला कळत नाही की हा जास्तीचा रेझिस्टन्स फ्लोटचा आहे की गंजाचा. तो एकूण बेरीज दाखवतो.

आता तुमची लक्षणं. भरल्या टाकीला काटा पाऊणवर अडतो, म्हणजे वाटेत कुठेतरी फुकटचा रेझिस्टन्स आहे. माझा पहिला संशय टाकीच्या अर्थवर, म्हणजे करंट टाकीतून गाडीच्या पत्र्याला परत नेणाऱ्या जोडावर. ठरावीक जागी काटा पडतो आणि पुढे पुन्हा उठतो, म्हणजे युनिटची गुंडाळी त्या जागी झिजली किंवा तुटली आहे. मीटर खराब असतं तर काटा पडल्यावर आपणहून परत उठला नसता. आणि दिवे लावल्यावर काटा खाली जातो, हे लक्षण सगळ्यांत बोलकं आहे. मागचे दिवे आणि टाकी बहुतेक एकाच कमजोर अर्थवर आहेत. दिव्यांचा करंट त्या गंजलेल्या जोडातून जाताना तिथे व्होल्टेज पडतं आणि टाकीची बॉडी शून्य व्होल्टवर राहत नाही.

एक साधी परीक्षा करा. किल्ली ऑन, इंजिन बंद. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि काट्याकडे बघा. मग इंडिकेटर लावा. काटा ब्रेकबरोबर हलला किंवा इंडिकेटरच्या तालावर थरथरला, तर मागचा अर्थ खराब आहे हे नक्की.

पद्मिनी_८४

काका, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच खाली जाऊन बघितलं. ब्रेक दाबला की काटा खाली येतो, सोडला की वर जातो! इंडिकेटरलाही हलका हलतो. आता पुढे काय करू? मल्टीमीटर आहे माझ्याकडे.

जुना_वायरमन

मग निम्मं काम झालं. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. किल्ली ऑन, मागचे दिवे लावलेले. एक टोक टाकीच्या युनिटच्या बॉडीला, दुसरं लांब तार जोडून थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. चांगल्या गाडीत हे जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थ दुरुस्त करायचा.

दुरुस्ती करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह क्लिप काढा. हे विसरायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते. बंद गॅरेजमध्ये हे काम करू नका, जवळ पेटता बल्ब नको, सिगारेट तर नकोच. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोल कमी आणि वाफ-हवेचं मिश्रण जास्त.

मग युनिटच्या एका स्क्रूखाली रिंग टर्मिनल लावून जाड तार, दीड-अडीच चौरस मिलिमीटरची चालेल, थेट चॅसिसच्या स्वच्छ घासलेल्या जागी बोल्टने आवळा. पत्रा चमकेपर्यंत घासा, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावा. टाकी रबरी पट्ट्यांवर बसवलेली असते, तिचे ब्रॅकेट नंतर कुणीतरी रंगवलेले असतात, आणि तिचा अर्थ फक्त एखाद्या बोल्टच्या आट्यांतून चाललेला असतो. कारखान्यातून निघाली तेव्हा ते पुरेसं होतं, इतक्या वर्षांनी नाही. मागच्या दिव्यांचे अर्थही त्याच वेळी साफ करा.

त्यानंतर मीटरची परीक्षा. युनिटवरची मीटरकडे जाणारी तार काढा आणि मोकळी ठेवा. बॅटरी जोडा, किल्ली ऑन करा, काटा कुठे आहे बघा. मग किल्ली बंद. त्या तारेला लांब वायर जोडून टाकीपासून दूर, चॅसिसला लावा आणि पुन्हा किल्ली ऑन. ठिणगी पडायचीच असेल तर ती टाकीपाशी पडू नये, म्हणून हा खटाटोप. एका स्थितीत काटा शून्यावर आणि दुसऱ्यात पूर्ण भरलेल्या खुणेवर गेला, तर मीटर आणि मधली तार दोन्ही ठीक. काही सेकंदांतच परीक्षा संपवा, थेट अर्थ दिल्यावर काही मीटरमधून गरजेपेक्षा जास्त करंट जातो.

युनिटवर दोन तारा असतील तर एक काट्याची, दुसरी रिझर्व्हच्या दिव्याची. अदलाबदल करू नका. दिव्याची तार नसलेली युनिटंही मिळतात, बाजारातून आणताना हे बघून आणा.

कॉव्हेंट्रीकर

वायरमन काका, फार सुंदर समजावलंत. इथे इंग्लंडमध्ये आमच्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर आहे, १९७२ची, मार्क ४. ही गाडी याच शहरात, कॅनलीच्या कारखान्यात बनली. तिच्या काट्याची तऱ्हा वेगळी होती, ती इथे नोंदवते, कारण ब्रिटिश गाड्यांच्या मालकांना उपयोग होईल.

माझ्याकडे पेट्रोलचा काटा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकदम वर गेले. टाकी अर्धी असताना पूर्ण दाखवायची, आणि तापमान जवळजवळ लाल पट्टीत. इंजिन उकळतंय की काय म्हणून पोटात गोळा आला होता. पण रेडिएटर व्यवस्थित होता. दोन काटे एकाच वेळी एकाच दिशेला चुकले तर दोष दोघांच्या सामायिक जागी असतो, आणि ती जागा म्हणजे मीटरमागचं व्होल्टेज स्टॅबिलायझर.

साधारण १९६४च्या सुमारास स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीची मीटरं बदलली. आधीच्यांत दोन कॉइल असत, काटा चटकन हलायचा आणि वळणावर पेट्रोल डचमळलं की नाचायचा. नंतरच्यांत दोन धातूंची पट्टी आली, तिच्यावर गरम होणारी तार गुंडाळलेली. पट्टी गरम होऊन वाकते आणि काटा ढकलते. म्हणून किल्ली फिरवल्यावर काटा सावकाश चढतो आणि वळणावर स्थिर राहतो. दोन कॉइलवालं मीटर दोन कॉइलमधल्या तफावतीवर चालतं, त्याला बॅटरीचं व्होल्टेज थोडं वरखाली झालं तरी फरक पडत नाही. पट्टीवालं मात्र व्होल्टेजवर पूर्ण अवलंबून, म्हणून त्याला सरासरी १० व्होल्ट देणारं स्टॅबिलायझर लागतं.

स्टॅबिलायझरच्या डबीत तशीच एक पट्टी आणि संपर्काचं टोक असतं. गरम झालं की उघडतं, थंड झालं की मिटतं. त्यामुळे मल्टीमीटर लावला तर स्थिर १० दिसत नाहीत, आकडा उड्या मारतो. तो दोष नव्हे. डबीचा अर्थ तिच्या पत्र्यातून येतो. तो अर्थ सुटला की आतली तार तापत नाही, टोक मिटलेलंच राहतं आणि बॅटरीचे पूर्ण १२-१४ व्होल्ट मीटरांना मिळतात. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं, डॅशबोर्डमागचा एक स्क्रू सैल होता. तो आवळल्यावर दोन्ही काटे जागेवर आले.

कोल्हापूरचा_हेरल्ड

कॉव्हेंट्रीकर ताई, तुमच्या स्पिटफायरची आणि आमच्या स्टँडर्ड हेरल्डची चॅसिस एकाच घराण्यातली बघा. आमची मद्रासला बनलेली. टाकी डिकीत डाव्या अंगाला. रिझर्व्हचा खटका टाकीवरच आहे, तो फिरवला की खालचं पेट्रोल मिळतंय, त्यामुळे अडून राहिलो न्हाई कधी. पण काटा नीट व्हावा असं मनापासून वाटतंय.

माझी अडचण अशी, जुनं युनिट सडलं होतं म्हणून बाजारातनं नवं युनिव्हर्सल युनिट आणून बसवलं. आता टाकी भरली की काटा खाली जातोय आणि पेट्रोल संपत आलं की वर चढतोय. तारा अदलाबदल करून बघितल्या तरी तेच.

मिशिगनहून

हेरल्डवाले दादा, तारांचा दोष नाही. युनिट दुसऱ्या जातीचं आहे.

प्रत्येक कंपनीने आपापले ओहम, म्हणजे युनिटच्या रेझिस्टन्सचे आकडे, ठरवले. माझ्याकडे १९६६ची मस्टँग आहे, त्या काळच्या फोर्डमध्ये रिकाम्या टाकीला ७३ ओहम आणि भरलेल्या टाकीला १०. जनरल मोटर्सच्या त्याच सुमाराच्या गाड्यांत बरोबर उलट, रिकाम्याला ० आणि भरलेल्याला ९०. जर्मन व्हीडीओ (VDO) कंपनीची युनिटं रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. बाजारात युनिव्हर्सल म्हणून जे मिळतं त्यात २४० ते ३३ हा प्रकार खूप चालतो, त्यात २४० म्हणजे रिकामी. तुमच्या स्मिथ्सच्या मीटरला रिकाम्या टाकीला जास्त ओहम आणि भरलेल्याला कमी लागतात. तुम्ही आणलेलं युनिट बहुधा १० ते १८० जातीचं आहे, म्हणून काटा उलटा चालतोय.

युनिट बाहेर काढा, मल्टीमीटर ओहमवर ठेवून फ्लोट तळाला, मध्ये आणि वर असे तिन्ही आकडे मोजा. आकड्यांची व्याप्ती जराशी चुकत असेल तर जुळवता येतं. समांतर रेझिस्टर लावला की मोठा आकडा कमी होतो, मालिकेत लावला की छोटा आकडा वाढतो. पण दिशा उलटी असेल तर कुठलाही रेझिस्टर तिला सुलट करू शकत नाही. काही युनिव्हर्सल युनिटचा दांडा विरुद्ध बाजूने बसवता येतो, तसं असेल तर बघा. नाहीतर योग्य जातीचं युनिट शोधणं हाच उपाय.

मूळ पोस्ट लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक युक्ती. तार थेट अर्थला लावण्यापेक्षा युनिटच्या जागी ओळखीचा रेझिस्टर लावून मीटर तपासणं जास्त सुरक्षित आणि जास्त अचूक. माझ्या गाडीसाठी १० ओहमचा एक आणि ७३च्या जवळचा एक पुरतो. आणि काकांनी अर्थबद्दल सांगितलं त्याचा हिशेब बघा. फोर्डच्या टाकीत अर्थच्या गंजामुळे नुसते २० ओहम वाढले तर भरलेल्या टाकीचे १० ओहम मीटरला ३० दिसतात. मग काटा वर पोचणार कसा?

पद्मिनी_८४

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रगती कळवतो.

टाकीच्या बॉडीवर दिवे लावलेले असताना बॅटरीच्या निगेटिव्हशी एक व्होल्टच्या वर फरक येत होता. काकांनी सांगितल्याप्रमाणे वेगळी अर्थची तार टाकली. फरक जवळपास शून्यावर आला. ब्रेक दाबला तरी काटा आता हलत नाही. मीटरची परीक्षा केली, तार मोकळी असताना शून्य, अर्थला लावल्यावर काटा थेट भरलेल्या खुणेवर. म्हणजे मीटर ठणठणीत आहे!

आता निम्म्याखाली काटा पडतो तेवढंच उरलं. युनिट बाहेर काढलं. दांडा हळूहळू हलवत ओहम मोजले तर एका जागी आकडा एकदम अनंत होतो. भिंगातून बघितलं तर गुंडाळीचे दोन-तीन वेढे तुटलेले स्पष्ट दिसतात. फ्लोट पितळी आहे, कानाशी धरून हलवला तर आत पेट्रोलचा आवाज येतो.

जुना_वायरमन

शाब्बास. आता घाई करू नका, हे हातकाम आहे.

आधी फ्लोट. आत पेट्रोल शिरलंय म्हणजे बारीक भोक आहे. जड झालेला फ्लोट नीट तरंगत नाही, म्हणून काटा नेहमी खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. उघड्या जागेत, आगीपासून लांब, भांड्यात गरम पाणी घेऊन फ्लोट बुडवा. गॅस पेटलेल्या स्वयंपाकघरात हे करायचं नाही, पाणी गरम करून बाहेर आणायचं. जिथून बुडबुडे येतील तिथे भोक. खूण करा. मग आतलं पेट्रोल पूर्ण बाहेर काढा, लागलं तर भोक किंचित मोठं करा, आणि फ्लोट काही दिवस उन्हात वाऱ्यावर ठेवा. आत थेंबभर पेट्रोल असताना डाख द्यायला गेलात तर फ्लोट हातात फुटेल. ज्योत अजिबात वापरू नका, मोठी इलेक्ट्रिक सोल्डरिंग आयर्न घ्या. आणखी एक कसब आहे, फ्लोट तापला की आतली हवा फुगते आणि ओला डाख बाहेर ढकलते. म्हणून बाकीचं काम आधी करा, फ्लोट थंड होऊ द्या, आणि शेवटचं भोक पटकन एका टिपक्यात बुजवा. डाख कमीत कमी, वजन वाढू देऊ नका. शेवटी पुन्हा गरम पाण्यात बुडवून खात्री करा. एम-सीलसारखं काही लावू नका, आजच्या पेट्रोलमध्ये ते टिकेल याचा भरवसा नाही.

गुंडाळीची तार केसासारखी असते. पॉलिश पेपर लावू नका, तार आणखी पातळ होते आणि ओहम बदलतात. मऊ कापड आणि कॉन्टॅक्ट क्लीनर एवढंच. तुटलेले वेढे असतील तर नव्याने गुंडाळणं हाच पक्का उपाय. त्याआधी तार जिच्यावर गुंडाळलेली असते ती पट्टी नीट बघून ठेवा, दोन्ही टोकांना रुंदी सारखी आहे का, की एका बाजूला निमुळती? कित्येक युनिटांत ती मुद्दाम निमुळती केलेली असते. पत्ती सारखीच सरकली तरी ओहम एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी बदलावेत यासाठी ती रचना असते. नवशिका कारागीर तिथे सरळ पट्टी लावतो आणि मग दोन्ही टोकं बरोबर पण मधला भाग चुकीचा असं होतं.

तार नायक्रोमची किंवा तशाच मिश्रधातूची असते, तिला साधा डाख सहज धरत नाही. टोकं पत्र्यात दाबून पक्की करावी लागतात. मूळ तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजा, तेवढ्याच जाडीची आणि तितक्याच ओहमची तार घ्या, वेढ्यांत अंतर सारखं ठेवा. पत्तीचा दाबही बघा. सैल असेल तर संपर्क तुटतो, घट्ट असेल तर नवी तार लवकर झिजते.

टॅक्सीतून काढलेल्या सामानाबद्दल एक सांगतो. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ला ती रस्त्यावरून गेली. त्या गाड्यांचं सामान अजून बाजारात फिरतं. दरवाजे, काचा, मीटरं खुशाल घ्या. टाकीचं युनिट मात्र तपासल्याशिवाय घेऊ नका. टॅक्सीवाले थोडं थोडं पेट्रोल भरत, नंतर सीएनजी आल्यावर तर टाकीत तळालाच पेट्रोल असायचं. त्यामुळे गुंडाळी खालच्या भागात झिजलेली आणि वरचा कोरडा भाग गंजलेला, असं मी पुष्कळ वेळा बघितलंय.

घाटवाटा (सातारा)

एक शंका. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्याचा काट्यावर परिणाम होतो का? कार्बोरेटरच्या रबराबद्दल खूप वाचलंय, पण टाकीतल्या युनिटबद्दल कुणी बोलत नाही.

मिशिगनहून

होतो, आणि जितकी गाडी जुनी तितका जास्त. खूप जुन्या गाड्यांत बुचाचा फ्लोट असायचा आणि पेट्रोल आत मुरू नये म्हणून त्यावर लाखेचा थर दिलेला असायचा. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. थर गेला की बूच पेट्रोल पितं, जड होतं आणि बुडतं. माझ्या ओळखीच्या एका जुन्या अमेरिकन गाडीत हे झालं. बुचाचा फ्लोट काढून पितळी किंवा इंधनासाठीच बनवलेल्या नायट्राइल फोमचा बसवणं उत्तम.

दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला वेगळा थर होऊ शकतो. टाकीचा तळ आणि युनिटचा खालचा भाग त्यात राहिला की गंज लागतो. उभ्या गाडीत पेट्रोल ताजं ठेवा. युनिटखालचं बुचाचं गॅस्केट काढलंच असेल तर तेच परत लावू नका, इथेनॉलला टिकणारं नवं लावा. तिथून येणारा पेट्रोलचा वास म्हणजे डिकीत वाफ साठतेय.

पद्मिनी_८४

युनिट ओळखीच्या एका वृद्ध कारागिरांकडून गुंडाळून घेतलं. पट्टी खरोखरच निमुळती होती, काकांचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते खूश झाले. फ्लोटला डाख दिला, पाण्यात बुडबुडे येत नाहीत. गाडीत बसवलं. काटा आता सलग उतरतो, कुठेही पडत नाही.

आता शून्य नेमकं कुठे ठेवायचं? टाकीत चार-पाच लिटर असताना काटा शून्यावर यावा, की खरोखर रिकामी झाल्यावर?

जुना_वायरमन

माझं मत स्पष्ट आहे, चार लिटर उरले की काटा शून्यावर आला पाहिजे. तळाचं पेट्रोल ओढताना गाळ आणि पाणीही येतं, चढावर पेट्रोल मागे सरकलं की पाइप हवा ओढतो. काटा वरच्या टोकाला थोडा चुकला तर काही बिघडत नाही, खालच्या पाव भागात मात्र त्याने चुकायचं नाही.

मोजायची पद्धत सांगतो. टाकी रिकामी करून सपाट जागेवर गाडी उभी करा. पेट्रोल धातूच्या डब्यात काढा, प्लॅस्टिकच्या बादलीत नको, स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. मग पंपावर चार लिटर भरा, बाजूला सपाट जागी येऊन किल्ली ऑन करा, काटा स्थिर होऊ द्या आणि जागा टिपून घ्या. पुढे पाच-पाच लिटरने असंच. पंपाच्या मापाची शंका असेल तर त्यांच्याकडे शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतं, त्यात मोजून दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

काटा खाली-वर करायचा तर फ्लोटचा दांडा वाकवायचा. दोन पकडी घ्या, एकीने दांडा खुंटीजवळ घट्ट धरा आणि दुसरीने वाकवा, म्हणजे जोर खुंटीवर येत नाही. एका वेळी अगदी थोडं. वाकवल्यावर फ्लोट टाकीच्या तळाला किंवा छताला अडकत नाही ना, हे बघायलाच हवं.

कॉव्हेंट्रीकर

स्मिथ्सच्या पट्टीवाल्या मीटरांसाठी जोडते. त्यांच्या मागच्या बाजूला दोन छोटी भोकं असतात, बुचाने किंवा कागदाने झाकलेली. आत दोन दातेरी तुकडे असतात, एकाने रिकामी बाजू आणि दुसऱ्याने भरलेली बाजू जुळवता येते. दांडा वाकवण्याआधी तिथे प्रयत्न करा. आणि स्टॅबिलायझर खरंच गेलं असेल तर त्याच्या जागी १० व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसतं. ७८१० नंबरची चिप लोक वापरतात, पण तिला आत येणारं व्होल्टेज दोनेक व्होल्ट जास्त लागतं. मंद इंजिन आणि दिवे चालू असताना ती कमी पडते, म्हणून लो-ड्रॉपआउट प्रकारची घ्या. हेरल्डवाले दादा, तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, असेल तर ही चिप चालणार नाही, ७९१० लागेल. आणि तिच्या पाठीचा पत्रा अर्थ नसून इनपुट असतो, तो गाडीच्या बॉडीला टेकला तर शॉर्ट होईल. अभ्रकाचा तुकडा मध्ये घालूनच बसवा.

कोल्हापूरचा_हेरल्ड

ताई, बरं झालं सांगितलंत, आमची पॉझिटिव्ह अर्थचीच आहे. युनिटचे ओहम मोजले. मिशिगनवाल्यांचं बरोबर, १० ते १८० निघालं. दांडा उलटा बसत नाही यात. परत करून २४० ते ३३वालं मागवतोय, मूळ मिळेपर्यंत तेवढ्यावर भागवू.

म्हापशाहून

सगळा धागा वाचला. आमच्याकडे १९६०ची फोक्सवॅगन बीटल आहे. मुक्तीआधी गोव्यात परदेशी गाड्या येत, तशी आजोबांनी आणलेली. तिला पेट्रोलचं मीटरच नाही! नुसती रिझर्व्हची तोटी आहे. घरातले म्हणतात इलेक्ट्रिक मीटर लावून घे. लावावं का?

जुना_वायरमन

लावू नका असं माझं मनापासून मत. बीटलला १९६१च्या ऑगस्टपर्यंत मीटर नव्हतंच. त्यानंतर आलं तेही विजेवर चालणारं नव्हतं, फ्लोटची हालचाल केबलने डॅशबोर्डवर यायची. विजेचं १९६८च्या मॉडेलला आलं. तुमच्या टाकीला भोक पाडून युनिट बसवणं म्हणजे मूळ टाकी कायमची बिघडवणं. तुमची तोटी फिरवली की साधारण पाच लिटर मिळतात, ती मोकळी फिरते ना आणि गळत नाही ना, एवढं तपासून ठेवा. पेट्रोल भरल्यावर तोटी पुन्हा मूळ जागी आणायची सवय ठेवा, नाहीतर रिझर्व्ह आधीच संपलेला असतो.

मिशिगनहून

काकांशी सहमत. त्यासोबत मोजपट्टी वापरा. त्या बीटलची टाकी पुढच्या बॉनेटखाली असते आणि झाकण वरच असतं, त्यामुळे पट्टी आत सोडता येते. रंग न लावलेली लाकडी पट्टी घ्या, पाच-पाच लिटर भरत खुणा कोरा, पेनाने लिहू नका, शाई पेट्रोलमध्ये उतरते. टाकीचा आकार वेडावाकडा आहे, म्हणून खुणांमधली अंतरं सारखी येणार नाहीत. अंदाजाने समान भाग पाडू नका, प्रत्येक खूण भरूनच कोरा.

म्हापशाहून

ठरलं मग, टाकीला हात लावत नाही. पट्टीसाठी सागवान चालेल की दुसरं कुठलं लाकूड घेऊ?

जुना_वायरमन

सागवान चालेल. तेल किंवा पॉलिश मारलेलं मात्र नको. आणि पट्टी टाकीच्या खोलीपेक्षा वीतभर लांब ठेवा, म्हणजे हातातून निसटून आत पडणार नाही.